पंधरा इंची

गच्चीच्या जिन्याखालच्या स्पीकरमधून
आवाज येतोय, असं पहिल्यांदा मीच म्हणाले.
आई म्हणाली, वायर काढून अकरा वर्षं झाली त्याची,
तू आधी केस पूस, थंडी आहे.

पण येत होता. कोनाच्या फाटक्या कागदातून
एक माशी आत जायची, एक बाहेर यायची,
मागच्या पायांना पिवळी गाठोडी.
सातेरी, म्हणाले समोरचे बोराडे, अंधाराची माशी ती,
आग्यासारखी अंगावर येत नाही,
आणि तीन पावलं मागे सरकले.

भाऊंना कुणी विचारलं नाही.
भाऊंना विचारायचं म्हणजे पाटीवर लिहायचं.
सिडकोतल्या निम्म्या मिरवणुका त्यांनी वाजवल्या,
टेम्पोत, भिंतीएवढ्या खोक्यांना पाठ लावून उभे.
डावा कान आधी गेला, उजवा हप्त्याहप्त्याने.
खोकी विकली. हे एक राहिलं,
कोन फाटलेला, म्हणून गिऱ्हाईक नाही.
कोपऱ्यावर 'शेवरे साउंड', त्यातला 'शे' उडालेला.

सेक्रेटरी खैरनार वहिनींनी नोटीस लावली:
औषध मारणारा माणूस शनिवारी येईल,
खिडक्या लावून घ्याव्यात, सहकार्य करावे.
तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला डंख झालाय.
(तो डास होता. बाळाच्या आईला ठाऊक होतं,
पण ती बिल्डिंगमध्ये नवी होती.)

गुरुवारी भाऊ जिन्याखाली बसलेले दिसले,
लाकडावर तळहात पूर्ण पसरून,
गाय गाभण आहे का बघतात तसे,
डोळे मिटून.
मी पाटी शोधायला वळले
तर तेच बोलले, नेहमीसारखं, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं:
"बेस नाहीये. पण स्वच्छ आहे.
कुठेच फाटत नाही."

पेठ रोडला मध विकायला बसणाऱ्या बाईंनी नंबर दिला.
शुक्रवारी हिरामण भोये आले, मोटारसायकलला एक लाकडी पेटी,
सुरी, केळीचं सोपट, धुरासाठी अर्धी गोवरी.
किती घेणार, आईने विचारलं.
पेट्रोलचे द्या. माश्या मी नेतो.
चांदवडकडे डोंगळे फुलायला आलेत,
कांद्याचं बी धरायला माशी लागते,
आणि तिथली फवारणीत गेली.

दिवस कलल्यावर मागची फळी उघडली.
आत सात पोळी, चुंबकाला वळसा घालून,
तव्यावरून उतरवून उभ्या ठेवलेल्या भाकरींसारखी.
उघड्या हातांनी एकेक कापलं,
चौकटीत बसवलं, सोपटाने बांधलं.
टॉर्च भाऊंकडे.
"राणी," हिरामण पुटपुटले,
यांना ऐकू येत नाही हे विसरून,
आणि भाऊंनी उजेड बरोबर तिथेच नेला.

वाटीभर मध निघाला. बाकी राहू दे, म्हणाले,
त्यांची थंडी अजून जायचीय.
खैरनार वहिनींनी वाटीतला चमचाभर मागून नेला,
खोकल्यासाठी.

रात्री पेटी गेली.
सकाळी पंधरा-वीस माश्या,
काल अंधार पडेतो कुठेतरी बाहेर अडकलेल्या,
भोकातून आत, लगेच बाहेर, पुन्हा आत.
पत्ता बरोबर होता.
हिरामण सांगून गेले होते, काही मागे राहतात,
दोन-तीन दिवस, त्यांना इलाज नाही.

भाऊ चहा घेऊन तिथेच बसले, हात खोक्यावर.
मी पाटीवर लिहिलं: लागतंय का काही हाताला?
त्यांनी वाचलं, बाहीने पुसलं,
मग हवेतच दोन बोटांनी एक बटण फिरवलं,
हळूहळू डावीकडे,
अगदी शून्यापर्यंत नाही.

आणि ओरडले,
साखर विसरलीस.