सातव्या होलवरचं तळं

कारखानीस साहेबांना चेंडू आता दिसत नाही.
म्हणजे टीवर ठेवला की दिसतो,
पाटावर मीठ सांडावं तेवढा.
एकदा मारला, की तो माझा.
कुठे पडला ते मी सांगायचं,
त्यांनी मानायचं.

सव्वासहा. खारघरच्या डोंगरावर
कुणीतरी विसरलेला एकच दिवा.
"हरेश, वारा?"
गवताची चिमूट उडवून बघतात बाकीचे कॅडी.
मी तळोज्याच्या धुराड्यांकडे बघतो.
आमच्या ओव्यात सगळे तिकडेच बघतात,
वाळवण घालण्याआधीसुद्धा.
धूर सरळ उभा.
"नाही, साहेब."

सातवा होल. एकशे चाळीस यार्ड,
त्यातले शंभर नुसतं पाणी.
रिसॉर्टच्या फलकावर हेच तळं आहे, कमळांसकट.
कमळं फोटोवाल्याने टेम्पोतून आणली होती,
संध्याकाळी परत नेली.
उरलं ते शेवाळ, चार पाणकोंबड्या,
आणि काठावर अंडी घातलेली एक टिटवी,
जी साहेबांना आणि मला
एकाच मापाचे चोर समजते.

साहेब उभे राहतात. पाय रोवतात.
खांदा वळतो, तेल दिलेल्या बिजागरीसारखा,
सत्त्याहत्तराव्या वर्षीही करकर नाही.
लोखंड लागतं ते नेमकं, गोड.
आणि मग
डुब्.
माठात पेला बुडावा, तेवढंच.

"कुठे?"
"ग्रीनवर. झेंड्यापासून दहा पावलं."
टिटवी बोंबलते.
मी भरभर पुढे जातो, बॅग खुळखुळवत,
आणि खिशातला एक काढून ठेवतो.

तोही त्यांचाच. लाल शाईचे दोन ठिपके.
मागच्या बुधवारी बुडालेला.
सोमवारी कोर्स बंद असतो, तेव्हा मी उतरतो,
छातीएवढ्या पाण्यात,
डोळे मिटून. उघडे ठेवून उपयोग नसतो.
चिखलात पायाच्या बोटांना कळतं
दगड कोणता, शिंपला कोणता.
आई म्हणते, तल्यान परला त्यो आपला.
बाकीचे विकतो, डझनाला दोनशे.
ठिपक्यांचे वेगळे ठेवतो, जुन्या मोज्यात.

दोन पट. दुसरा कपात टक् करून गेला.
"तीन, साहेब. पार!"
ते वाकले. वेळ लागला वाकायला.
चेंडू काढला, अंगठ्याने चोळला,
नाकाशी नेला.
"पाच लिही."
"साहेब, तीनच..."
"डोळे गेलेत, हरेश. कान कुठे गेलेत?
आणि जरा साबणाने धूत जा. दोन वर्षं झाली,
माझ्या खिशाला तळ्याचा वास येतो.
घरी विचारतात."

मी पाच लिहिले.
पेन्सिलीचं टोक मोडलं, नखाने सोलून पुन्हा लिहिले.
साहेब तोवर आठव्याच्या वाटेला लागलेले,
काठी न टेकता, पायवाट पायाने चाचपत,
आधी टाच, मग बोटं,
मी सोमवारी चालतो तसे.

"वारा?"
धूर किंचित कलला होता, खाडीकडे.
"थोडा आहे," मी म्हणालो. "डावीकडून."