चौदा विभक्त्या

कोहत्ला-यार्वेला डोंगर नाहीत.
जे दिसतात ते राखेचे.
जमिनीखालून तेलदगड काढायचा, जाळायचा, उरेल ते रचत जायचं.
हिवाळ्यात पोरं त्यावरून घसरगाड्या सोडतात,
मीही सोडल्यात.

विसाव्या वर्षापासून मी खाली जातो, छताला बोल्ट मारतो.
आधी पहारीनं छत ठोकायचं:
खणखणीत वाजलं तर पुढे,
बद्द वाजलं तर मागे सर, आणि बोलू नकोस.
सतरा वर्षं झाली.
आता दुकानात कलिंगडही मी जरा जास्तच वेळ ठोकतो,
येवेलिना लाजून दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहते.

खाण बंद होणार म्हणतात.
कधी, ते कोणी म्हणत नाही.

गेल्या मार्चात गेनादीच्या पायावर दगड आला.
वर आणला तोवर तो शिव्याही द्यायचा थांबला होता.
रुग्णवाहिकेतल्या नर्सनं कात्रीनं बूट कापला,
मोजा मात्र कापला नाही.
हळू काढला, झटकला, घडी घातली
आणि गेनादीच्या खिशात ठेवला,
जणू तो उद्या घालणारच होता.
पाय राहिला नाही. मोजा राहिला.
मला ती घडी शिकायची आहे.
अर्जात असा विषय कुठे दिसत नाही.

अर्जात दिसतं ते असं: साडेतीन वर्षं.
पगार नाही, भत्ता आहे, तोही घराच्या हप्त्यापेक्षा कमी.
भाषेची परीक्षा आधी.
घरी आम्ही रशियन बोलतो.
शाळेत मागच्या बाकावर बसून जी चुकवली
ती एस्टोनियन आता समोर खुर्ची ओढून बसली आहे,
चौदा विभक्त्या घेऊन.
खाणीत. खाणीतून. खाणीवर. खाणीवरून. खाणीपर्यंत.
खाणीविना, हीसुद्धा एक विभक्तीच.
तिच्यावरच माझं पेन अडतं.

आणि त्या भाषेत नर्सला जो शब्द, तोच बहिणीला.
पुरुष असला तरी बहीणच.
कपडे बदलायच्या खोलीत ही बातमी माझ्याआधी पोचली.
"ताई, जरा पहार देता का?"
हसलो मीही. दिली.

गेनादीला वाटलं होतं तो तरी म्हणेल, जा.
कुबडी भिंतीला टेकवून तो म्हणाला,
"शिकून होईस्तोवर तू एक्केचाळीस. तुझी कंबर आत्ताच गेलीय.
म्हातारे उचलायचे असतात रे तिथे, दगड नव्हे.
दगड ओला करत नाही."
मग पावाला लोणी लावत बसला बराच वेळ, कोपऱ्यापर्यंत.
"मोज्याचं मला आठवत नाही," म्हणाला.
"कुठला मोजा?"

त्या रात्री पुस्तकात वाचलं:
छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकतात,
हवा असेल तिथे पोकळ वाजतं,
पाणी साचलं असेल तर बद्द.
मी उठून उभाच राहिलो.
उल्यानाला म्हटलं, पाठ कर इकडे.
दहा वर्षांची पाठ, पायजम्यावर कोल्हे छापलेले.
ठोकलं. वाजली.
इथे पोकळ वाजणंच बरं, हे कानाला पटेना.
सतरा वर्षांचं उलटं करायचं
म्हणजे साडेतीन वर्षं कमीच की.

"बाबा, गुदगुल्या होतात," ती म्हणाली,
आणि वळून माझा अर्ज वाचू लागली,
तिच्या शाळेतल्या त्या स्वच्छ उच्चारात, मोठ्यानं.
'मी खाणीत काम करतो' या ओळीवर थांबली.
मला वाटलं चूक असणार.
"हे बरोबर आहे," म्हणाली. "आश्चर्यच."
पुढच्या ओळीत तीन चुका सापडल्या.
दोन तिनं दुरुस्त केल्या,
तिसरी कशी लिहायची ते तिलाही माहीत नव्हतं.

मुदत शुक्रवारपर्यंत.
आज बुधवार, रात्रपाळी.
डबा भरलाय, हेल्मेट दाराशी.
जाताना उगाच चौकट ठोकली.
उल्याना आतून ओरडली,
"कोण आहे?"