सोर्सपासून

वडगावात रात्री नऊला बिल्ड लावला.
खाली कल्लाप्पा काकांचे दोन माग,
एक चालू, एक गेल्या दिवाळीपासून
पोत्यांखाली झाकलेला.
वर मी, चार जीबीचा लॅपटॉप
आणि खिडकीत वाळत घातलेला कुर्ता.

तयार बांधलेलं फ्रेमवर्क मिळतंच.
एक ओळ लिहायची, उतरवायचं, संपलं.
काकाही जिन्यातून तेच म्हणाले,
"रेडिमेड मिळतंय न्हवं? मग रातभर काय विणालीस?"
स्वतः त्यांनी जन्मात तयार ताणा घेतला नाही.
हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

सूचनांच्या फाइलीत चारच आज्ञा होत्या.
चौथीपर्यंत यायला मला अकरा दिवस लागले.
याला ते हवं, त्याला त्याच्याही आधीचं,
आणि त्याची जी आवृत्ती माझ्या मशीनवर चालते
ती कुणीतरी तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेली,
शेवटच्या नोंदीत एवढंच: थकलो, पुढे कुणी चालवील का.
त्या अनोळखी माणसाचं तुटलेलं टोक शोधून
माझ्या टोकाला गाठ मारली.
सांधणीला बसलेली बाई
हजार धाग्यांत एकदाही मान वर करत नाही.
मी दर दहा मिनिटांनी टक्के बघते.

एकसष्टवर वीज गेली.
माग थांबला तेव्हा कळलं
मी इतका वेळ केवढ्या आवाजात बसले होते.
वीज आली. माग माझ्याआधी सुरू झाला.

पावणेदोनला लाल ओळ:
फाइल सापडत नाही.
फाइल समोर आहे. उघडते, वाचते, आहे.
मग पत्ता नीट बघितला,
फोल्डरच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.
फोल्डरला मी नाव दिलं होतं बेळगाव.

सहज दिलं होतं.
इथे हे नाव कुणी सहज लिहीत नाही,
याच्यापायी पाट्यांना डांबर फासलंय,
बसच्या काचा फुटल्यात.
पण मशीनच्या मनात तसलं काही नव्हतं.
त्यानं सहा चिन्हं मोजली, सहांपुरती जागा धरली
आणि दारात आले अठरा बाइट.
बाराजण बाहेर उभे.

नाव इंग्रजीत केलं असतं तर पाच सेकंदांचं काम.
शिवलीला हुक्केरीनं दोन वाजता फोन उचलला.
"बदलू नको, थांब की जरा," म्हणाली,
"माझ्या अक्षरात करून बघते."
तिच्याकडे सात चिन्हं, एकवीस बाइट,
आणि तीच लाल ओळ, शब्दाला शब्द.
आम्ही इतक्या हसलो की खालून काका ओरडले.

मग तीच गप्प झाली.
"ळ बघ," म्हणाली.
तुझा ळ, माझा ळ, दोन्ही तीन-तीन बाइटांचे.
पहिला तोच.
शेवटचा तोच.
मधला तेवढा वेगळा.
मी पाठकोऱ्या कागदावर मांडून परत तपासलं.
ज्यांनी कुठेतरी बसून हा तक्ता आखला
त्यांना वडगाव कुठलं माहीत असणार.

तीन ओळी बदलल्या.
अक्षरांऐवजी बाइट मोजायला लावले.
चाचण्या दोन जोडल्या, एक माझ्या बेळगावची,
एक तिच्या.
पहाटे सव्वाचारला पडद्यावर: ऐकत आहे, ८०८०.
ब्राउझरमध्ये एक कोरं पान उघडलं.
विणकर सोसायटीच्या वहीतलं पहिलं नाव
त्यात दोन्ही लिप्यांत टाकलं. फुटलं नाही.

पाचला काका चहा घेऊन वर.
"झालं काय?"
"चालू झालं."
"चालू हुतंय गं सगळंच. काठ बघ.
कापडाचं खरंखोटं काठाला कळतंय."

काठ बघायचा राहिलाय.
तीन ओळी पाठवून दिल्यात,
वर शिवलीलेचं नाव, खाली माझं.
तिकडून अजून कुणी काही बोललेलं नाही.
तिकडे आता कदाचित रात्र असेल,
कुणाची तरी एकसष्ट टक्क्यांवर आलेली.