भिंतीकडे तोंड

जुना टीव्ही उतरवताना दोघांना
जिन्यात दोनदा दम खावा लागला.
पाठीला केवढं कुबड, आणि त्या कुबडात आवाज:
हवामान सांगणारी बाई जणू
माझ्याच ओट्यापाशी बटाटे सोलत बोलायची.

नवा मात्र कायेतानने एकट्याने, काखेत मारून आणला.
आजी, बघ, बोटाएवढा जाड.
खरंच. चित्र असं की निवेदकाच्या हनुवटीवर
दाढी करताना राहून गेलेला एक केस दिसतो.
पण तो बोलतो ते म्हणजे
झाकण लावलेल्या डब्यात माशी.

वाढवला, तर जाहिराती अंगावर धावून आल्या.
कमी केला, तर खून कोणी केला ते कळेना.
रिमोटवर ‘स्पष्ट संवाद’ असं काहीतरी सापडलं,
त्याने सगळ्यांचे खोकले स्पष्ट झाले.
केकचा पत्र्याचा ट्रे मागे उभा करून पाहिला;
माशी पत्र्यावर आपटू लागली.

आई, कान तपासून घे, मुलगी म्हणाली, डॉर्टमुंडहून.
कान!
वुचच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली मी,
चारशे माग एकदम खडखडायचे.
तिथे कानांनी कोण ऐकत होतं?
ओठ वाचायचो आम्ही.
शेवटच्या रांगेतली हालिना कोणावर भाळली आहे
ते पहिल्या रांगेत मला कळायचं,
धागा न तोडता.

म्हणून आवाज बंदच केला.
बातम्या जमल्या. मंत्री कुठे आवंढा गिळतो, तेही.
पण गुरुवारची नऊची मालिका तुर्की.
ओठ तुर्की,
आणि वर आमच्याकडची रीत: एकच पुरुष
इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट आवाजात
नवरीचं वाचतो, सासूचं वाचतो,
घोड्याखाली आलेल्या पोराचंसुद्धा.
त्याला ओठच नाहीत. वाचू काय?
गुरुवारी मी आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेते
आणि तरी माशीच.

एका शुक्रवारी जिन्यात कुबिआक भेटले, पलीकडच्या घरातले.
ट्राम चालवून निवृत्त. घरी टीव्ही नाही, एक कासव आहे.
“काल धाकटीने ते पत्र जाळलं,” म्हणाले, “बरं नाही केलं.”
पत्र होतं ते?
मला वाटलं विजेचं बिल.

या टीव्हींचे स्पीकर पाठीला असतात,
कायेतानने नंतर समजावलं, तोंड भिंतीकडे.
भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीचे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, केसाळ,
आणि माझ्यापेक्षा बरे.

मग पडलाच तसा पायंडा. शुक्रवारी दहाला,
कचऱ्याच्या पिशव्या हातात घेऊन:
मी सांगायचं कोण कोणाकडे बघत होतं,
त्यांनी सांगायचं काय म्हणालं.
धाकटी आंधळी आहे
हे त्यांना चार महिने माहीत नव्हतं.
ती खोटं बोलते, हे मला.

नाताळात मुलीने साउंडबार पाठवला.
काळा, लांबुळका, शवपेटीसारखा म्हणणार होते,
पण भेट आहे.
कायेतानने जोडला, आणि आवाज पुढून आला,
गोल, जाड, लोण्यासारखा.
गुरुवारी सगळं सगळं कळलं मला.
सासूचं, घोड्याचं. आवाज अर्ध्यावरच पुरला.

साडेनऊला दारावर थापा.
कुबिआक. एकाच पायात चप्पल, हातात फोन,
रुग्णवाहिकेचा नंबर अर्धा दाबलेला.
“भिंत गप्प झाली,” म्हणाले. “मला वाटलं—”

पुढचं आवाजात आलं नाही.
ओठ वाचले मी.

आत या, म्हटलं, ती एक चप्पलही काढा.
अजून जाहिरातीच चालू आहेत.