साडेपाच व्यास

तो पडलेला नव्हता, उभाच होता,
अंजिराखाली, माझ्या कमरेइतका,
म्हणून देस्पूलाबाईंना चाळीस वर्षं तो टेबल वाटला.
केपरच्या कळ्या त्यावर वाळत,
फडक्यात बांधलेलं चीज निथळे,
आणि मिठाचं पाणी पन्हळींतून
वीस वाटांनी खाली जाई.

वीस. मी दोनदा मोजल्या.
मग टेप काढला:
बूड शंभर सेंटिमीटर, माथा अठ्ठ्याण्णव, उंची ऐंशी.
वहीत लिहिलं, अनेझीना, हे सोपं आहे.
खांब मानेशी अठ्ठ्याहत्तर होतो असं धरू.
एका तुकड्यात दोन कमी,
तर बावीस कमी व्हायला अकरा तुकडे.
उत्तर आलं जवळजवळ नऊ व्यास.
मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

झान्नेसमास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं,
"एवढा बारकुडा? या बेटावर?
ऑगस्टचा वारा पाहिलायस ना?"
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय,
संगमरवर आणि दूध त्यांना सारखंच दिसतं.
म्हणाले, "पोलादी पट्टी दे."

दोन पन्हळींमधल्या धारेवर
त्यांनी पट्टी उभी टेकवली,
वरच्या टोकाला अंगठा दाबला,
खालचं टोक सुटलं.
खाली दाबला,
वरचं सुटलं.
पट्टी डुलत होती,
दगड सरळ असता तर डुलली नसती.
मी गाल टेकवून बघितलं:
मधे दगड,
दोन्ही टोकांना केसाएवढा उजेड.

"खांब एकसारखा निमुळता होत नाही, पोरी.
पायाशी तो घाई करत नाही.
ओझं घेतलेल्या माणसाच्या दंडासारखा
जरा भरून येतो,
आणि मग वर, कुणाचं लक्ष नसताना,
भराभर आवरतं घेतो.
सरळ रेघेने केलास
तर लोकांना मधे खपाटीला गेलेला दिसतो.
डोळा खोटं बोलतो, म्हणून दगडाला
आधीच थोडं खोटं बोलावं लागतं."

मी विचारलं, थोडं म्हणजे किती.
त्यांनी हात झटकला,
बोटांवरची भुकटी उन्हात उडाली.
"ते बापाने मला सांगितलं नाही.
पट्टी डुलवून दाखवली होती."

रात्री मी बाक धरून पुन्हा मांडलं.
साडेपाच व्यास, डोईसकट.
पावणेसहा येतं कधी कधी,
वळण जरा सैल धरलं तर.
किती फूट, किती हात, हे त्या दगडाला माहीतच नसावं.
त्याला एवढंच ठाऊक:
मी एवढा रुंद, तर मी एवढा उंच.

सकाळी बाईंनी विचारलं,
"मग कुठवर होता तो?"
मी बोट वर केलं.
अंजिराचा शेंडा संपला,
कबुतरखान्याच्या भिंतीतली त्रिकोणी भोकं आली,
पहिली ओळ, दुसरी.
"तिथवर."
त्यांनी मान मागे टाकली, रुमाल घसरला.
तिथे काहीच नव्हतं. एक कबूतर त्यातून आरपार गेलं.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"म्हणजे मी इतकी वर्षं
त्याच्या पायावर मीठ सांडत होते?"
आणि पदराच्या टोकाने, एप्रनच्या म्हणू या,
एक पन्हळ पुसली.
मग चीजचं फडकं उचलून
पुन्हा तिथेच ठेवलं,
पण जरा मधोमध.