राहिनू

खताच्या दुकानावर माझा क्लास,
खिडकीखाली नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या.
फेब्रुवारीत व्याकरणाआधी शिंका आवराव्या लागतात.
नाकाला रुमाल धरून मी फळ्यावर लिहिलं,
माय फादर, रिकामी जागा, अ हाऊस, सिन्स टू थाउजंड इलेव्हन.
कंसात, बिल्ड.

वैजयंता निंबा मिस्तरी बसूनच म्हणाली,
सर, हे आमचंच घर आहे का?

हसले सगळे. मीही.
काम चालू आहे?
नाही. आबा सुरतेला असतो, लूमवर.
मग बंद आहे?
बंद कसं? आखाजीला येतो, दोन थर रचतो,
पाणी मारायला सांगून परत जातो.

'वॉज बिल्डिंग' म्हणावं तर विटांवरून हात फिरवणारा माणूस
तिच्यादेखत मारून टाकल्यासारखं होतं.
'हॅज बिल्ट' म्हणावं तर छप्पर कुठाय?
'इज बिल्डिंग' – आत्ता, या घटकेला
तो कुणाच्या तरी साडीचा तुटला धागा जोडत असेल.

पुस्तकात रेघ असते. इथे क्रिया सुरू झाली, इथे आपण उभे,
मधला पट्टा सलग रंगवलेला.
तिच्या रेघेत वर्षाला चार दिवस रंग,
बाकी नुसत्या वर आलेल्या सळया
आणि त्यांच्या टोकांवर पालथ्या बाटल्या.

घरी काय म्हणता? विचारलं.
ती गप्प. अहिराणी जिन्यात
चपलांसोबत काढून यायची, हा नियम माझाच.
म्हण, म्हटलं.

"आम्ही घर बांधी राहिनूत."

बांधी राहिनूत.
म्हणजे बांधून, तिथेच राहिलो.
माझी आई चुलीपुढून अशीच ओरडायची,
येई राहिनी रे, येई राहिनी,
आणि भाकरी भाजून संपेपर्यंत येत नसे.
वीस वर्षं मी 'हॅव बीन' समजावतोय,
झालेलं आणि चाललेलं एका खुंटीला कसं बांधायचं ते,
आणि खुंटी जिन्यात पडलेली.

फळ्यावर लिहिलं, हॅज बीन बिल्डिंग.
वैजयंतानं उतरवून घेतलं, 'बीन'खाली दोनदा रेघ मारली.
वही मिटता मिटता म्हणाली,
सर, एक सिमेंटची गोणी आहे कोपऱ्यात,
मागच्या पावसाळ्यात दगड झाली.
तिला कोणता काळ?

मी खडू ठेवला.
खाली बायका मिरची उलथत होत्या.