चारशे बाय चारशे

फोंड्यात, हार्डवेअरच्या दुकानावरची खोली.
खाली कुणीतरी पाइप कापतंय,
वर मी फोटो.

सावईवेऱ्याच्या उत्सव समितीनं पेनड्राइव्ह धाडलाय:
देवळापुढच्या मांडवातली पन्नास वर्षांची नाटकं,
सहाशे बारा स्कॅन, काहींवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे.
मोहनदास सावईकरांचं फोनवर एकच पालुपद,
"सगळे चौकोन सारखे दिसूंक जाय हां,
फरशी घातल्यासारखे."

लायब्ररी आयती आहे.
एक ओळ इम्पोर्टची, एक लूप, आणि रिसाइझ.
रुंदी सांगा, उंची सांगा, ती निमूट ऐकते.
घात तिथंच होतो.
पहिल्या फेरीत सगळे राजे शेवग्याच्या शेंगा झाले,
वाटोळ्या ढालींची उभी अंडी.
प्रमाण राखलं, तर वर-खाली काळ्या पट्ट्या.
"सुतक आहे काय?" सावईकर म्हणाले.
मग मधोमध कापायचं ठरलं.
डावीकडचं जितकं, उजवीकडचंही तितकंच.
न्याय वाटतो हा, ऐकायला.

फोटो क्रमांक दोनशे सत्तेचाळीस.
अठ्ठ्याऐंशी सालचा दरबार.
जरीचा पडदा, राजा, सिंहासनाखाली लपवलेली शाळेची खुर्ची,
आणि पार डाव्या कडेला, विंगेत,
अर्धा खांदा. वहीवर टेकलेलं बोट.
चष्म्याच्या काचेवर बल्बचा एक ठिपका.
शाणू गावडे, प्रॉम्प्टर.

कापलेल्या चौकोनात तो नाही.
चौकोन छान आलाय.

उजव्या टोकाला राणीच्या शेजारी मी,
आठ वर्षांचा राजपुत्र, डिंकानं चिकटवलेले मोती.
मला एकच वाक्य होतं. तेच गेलं.
समोर अख्खा गाव, मिशांना खाज,
आठव्या वर्षी मिशा कशाला दिल्या देव जाणे.
तेव्हा राजाच्या पायांमधून सरपटत
एक आवाज आला, मापात बसवलेला:
माझ्या कानापर्यंत पुरला,
पहिल्या रांगेआधी संपला.

असं लहान करणं
कुठल्या लायब्ररीत मला सापडलं नाही.

लूपच्या पोटात एक इफ घातलाय.
फक्त दोनशे सत्तेचाळीससाठी माप डावीकडून.
शाणू आला, वहीसकट.
राणी गेली. मीही गेलो, मिशांसकट.

राणीचं काम केलेल्या बाईंचे यजमान समितीवर आहेत.
सावईकर विचारणारच.
काय सांगायचं ते आठवत नाहीये,
डावीकडं कान देऊन बसलोय.